लाल छत्रीवरचा दोडका

१८ जून

बियाण्याच्या दुकानदाराने दोडक्याच्या पाकिटासोबत ही डायरी फुकट दिली. अर्धे वर्ष सरलेच आहे, म्हणून दिली असेल. आजवर मनातले बोलायला संध्याकाळी माणसे असत, त्यामुळे वहीची गरज पडली नव्हती. आता पडली.

आज सात वाजता माझ्या अंगणात चार खुर्च्या होत्या, एक बाज होती आणि मी होतो.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, सचिनने, मोबाइलच्या दुकानासोबत टीव्हीच्या निळ्या छत्रीची एजन्सी घेतली आणि नालवाडीतल्या आमच्या गल्लीतली पहिली छत्री आपल्याच घरावर बसवली. तेव्हापासून गल्लीची संध्याकाळ माझ्याकडे. टीव्ही ओसरीवर, माणसे अंगणात. रामाजी, बंडूजी, प्रेमदास, सगळे आमच्यासारखेच भाजी पिकवणारे. दिवसभर वाकलेली पाठ इथे येऊन सरळ करायचे. जाहिराती लागल्या की मी आवाज बंद करायचो आणि शाळेच्या पुस्तकातली एखादी कविता म्हणायचो. जाहिराती संपल्या तरी कविता राहिली असेल तर पूर्ण करायचो. कोणी हूं की चूं केले नाही कधी.

गेल्या आठवड्यात शेजारच्या अण्णाने लाल छत्री घेतली. एचडी. सोबत नवा टीव्ही, बैलगाडीच्या साटीएवढा. त्याची सून काजल लाल कंपनीची एजंट झाली आहे. टीव्ही पडवीत लावला. आणि देखावा पुरा व्हावा म्हणून की काय, अंग लुळे पडलेल्या रुख्माबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची खाटसुद्धा आतल्या खोलीतून बाहेर पडवीत आणली. ती उन्हाळ्यात सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आली. आजारी माणसाला तरी गर्दीत ठेवू नये.

पण अण्णाला गर्दी हवी होती. मिळाली.

२० जून

दोडका लावला. दरवर्षी विहिरीकडे लावतो, यंदा अण्णाच्या कुंपणाला लागून आळी केली.

रंभा म्हणाली, "तिकडं काऊन? तिकडं तं त्याहिच्या गोठ्याची सावली येते."

मी म्हटले, माती बरी आहे.

"माती तं चाळीस वर्षापासून तीच आहे," असे म्हणून ती घरात गेली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली, पण बायको माती या विषयावर बोलली की मी खुरपे उचलतो.

अण्णाची लाल छत्री त्या गोठ्याच्या टिनांवरच आहे. घरावरून आकाश मिळत नाही म्हणे, कडुनिंब आडवा येतो. हे आपले सहज लिहून ठेवले.

२७ जून

रामाजी मागेच लागला. "चाल ना भाऊ. पाहून तं घे. खेळणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसते."

"घाम बघायला मी कशाला येऊ? वाडीत काय कमी आहे?"

तरी गेलो. पडवी भरलेली. रंभा रुख्माबाईच्या खाटेशी बसलेली. अण्णा म्हणाला, "ये पुंडलिक, बस. तुही खुर्ची ठेवली आहे तिकडं." मी उभाच राहिलो.

पडद्यावर कोबीचे शेत होते. कॅमेरा एका पानाजवळ गेला, त्यावर दवाचा थेंब. थेंबात सबंध आभाळ, उलटे. पुस्तकातल्या सगळ्या कवितांनी दवाला मोती म्हटले. मी पन्नास वर्षे पहाटे उठून कोबी तोडला, शेकडो थेंब हाताने झटकले. त्यात आभाळ असते हे मला अण्णाच्या पडवीत कळावे?

"कसं वाटलं?" अण्णाने विचारले.

"रंग भडक आहेत," मी म्हटले आणि परत आलो.

चौथीत असेच झाले होते. तपासनीस येणार म्हणून गुरुजींनी पावसाळ्याची कविता पाठ करायला सांगितली. साऱ्या वर्गात बाराही कडवी एकट्या मला येत होती. पण गळा अण्णाचा. गुरुजी म्हणाले, पुंडलिक, तू त्याला शिकव. मी आठ दिवस विहिरीच्या काठावर बसून त्याला शिकवली. त्याने ती अशी म्हटली की तपासनिसांनी डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत बसून ओठ हलवत होतो. आजही तेच. मालिका तीच, मॅच तीच, माझ्याकडेही लागते. त्याच्याकडे ती उजळ होते.

३ जुलै

जेवताना सचिनने गल्लीतल्या छत्र्यांचा हिशेब सांगितला. सतराच्या सतरा घरे त्याची होती, आता नऊ लाल झाली. काजल स्कूटीवरून घरोघर जाते आणि म्हणते, महिनाभर एचडी फुकट, कसं दिसते ते पाहाचं असन तं आमच्या मामाजीच्या, म्हणजे सासऱ्याच्या, पडवीत या. निळ्या कंपनीचा साहेब नागपूरहून फोन करतो की तुम्ही झोपले का.

"आपल्या कंपनीचेही एचडी आहे ना?" मी विचारले. "मग लाव आपल्याकडे."

"बाबा, आपला टीव्ही जुना डब्बा आहे. त्याच्यात एचडी नाई दिसत."

"कंपनीचा डबा नवा लाव. दिसेल."

"नाई दिसत बाबा."

"लावून तर बघ."

६ जुलै

लावला. सगळ्यांना बोलावून आणले. चहा केला. सचिनने रिमोट दाबला. चित्र कालच्यासारखेच होते, फक्त कोपऱ्यात एचडी असे लिहून येत होते.

सगळे चहा फुंकत बसले. मग बंडूजी म्हणाला, "जरासा सुधारला वाटते."

प्रेमदास म्हणाला, "व्हय, अक्षर तं साफ आहे."

चहा पिऊन सगळे गेले. कुठे गेले ते कुंपणापलीकडून ऐकू येत होते.

१९ जुलै

रंभा आता रोज जाते. मालिका साडेसातला, ही निघते सहाला. दीड तास तिथे काय दिवे लावते? परत येते तेव्हा हाताला तिळाच्या तेलाचा वास असतो. वडे तळतात की काय तिथे? विचारले तर म्हणते, "तुमच्या नाकाले काहीबी वास येते."

आज तिचे हसणे इथपर्यंत ऐकू आले. असे हसताना मी तिला शेवटचे केव्हा ऐकले ते आठवून बघितले. आठवले नाही.

दोडका मांडवावर पोचला. शेंडा सारखा अण्णाच्या गोठ्याकडे हेलकावे घेतो. वारा फार, म्हणून मांडवाच्या बांबूपासून पलीकडच्या टिनांपर्यंत एक सुतळी ताणून दिली. वेलाला आधार नको का?

३० जुलै

सुतळी छत्रीच्या दांड्याला बांधली. टिनाच्या कडेला गाठ घासत होती. तुटली असती.

८ ऑगस्ट

काल रात्रीच्या सरीनंतर सकाळी बघतो तर छत्री अर्धी हिरवी. दोडक्याचे पान म्हणजे हाताच्या पंजाएवढे, वर पाणी साचते. संध्याकाळी फुले उमलली. ही फुले दिवसभर मिटून असतात आणि बरोबर मालिकांच्या वेळेला उघडतात. उभा राहून दोन ओळी जुळवल्या:

सांज झाली, वेलावरती पिवळे दिवे लागले,
ज्याच्या दारी कोणी नाही, त्याचे डोळे जागले.

साडेसातला पडवीतून रामाजीचा आवाज आला, "हे काय झालं? बाईचं तोंड एकीकडं न् डोळे एकीकडं."

चित्राच्या चौकटी चौकटी झाल्या होत्या. काजल म्हणाली, ढग असतील, जातील. आकाश निरभ्र होते.

११ ऑगस्ट

आज रामाजी आणि प्रेमदास आले. "मॅच आहे भाऊ. तिकडं तं बॉल दिसतच नाई, नुस्ता ओरडा ऐकू येते."

मी खुर्च्या पुसल्या. मध्यंतरात कविता म्हटली, दोन म्हटल्या. प्रेमदास डोळे मिटून ऐकत होता. नंतर घोरला, पण तो दिवसभर भेंडी तोडून आला होता.

१४ ऑगस्ट

लाल कंपनीचा मेकॅनिक आला. मी आळ्यात खुरपे घेऊन बसलो होतो, म्हणून सगळे ऐकले.

मेकॅनिक म्हणाला, "आजोबा, सिग्नल वेलामुळं अडून राह्यला. ओले पान पूरा सिग्नल खाऊन टाकते. कापा इथून."

अण्णा म्हणाला, "फुलावर आहे."

"मग?"

"फुलावरचा वेल कापत नसते, बाबू. वांझोटा असता तं गोष्ट अलग होती. छत्री दुसरीकडं सरकव."

"दुसरीकडून आकाश नाई भेटत."

"मंग राहू दे."

आमच्याकडे हा नियम सगळे भाजीवाले पाळतात. फुलावर आलेल्या वेलाला विळा लावायचा नाही, तो कुठेही गेलेला असो. आणि ज्याच्या हद्दीत फळ लोंबेल, ते त्याचे. माझ्या आजोबांनी हेच सांगितले, अण्णाच्याही. मला हे ठाऊक होते. म्हणून काही मी दोडका लावला नव्हता.

दुपारी काजल कुंपणाशी आली. "काकाजी, वेल जरा तुमच्याकडं ओढून घ्यान का? छत्रीले गुंडाळलेले तणावे सोडवून."

"फुलावर आहे पोरी. हिसका बसला तर फुले गळतात. तुझ्या सासऱ्यालाच विचार."

"त्याहिले इचारलं. ते बी असंच म्हणते." डोळ्यांखाली काळे झाले होते तिच्या. "चार घरं वापस निळे झाले, काकाजी. म्हणते, तुह्याच घरी चित्र फुटते तं आम्ही कायले घेऊ."

मी खुरपत राहिलो.

१९ ऑगस्ट

अंगण भरले. मोजली नाहीत, पण दोन माणसे ओट्यावर बसली, म्हणजे खुर्च्या पुरल्या नाहीत. रामाजीची सून दिपाली आणि गल्लीतल्या बायाही मालिकेला इकडेच. चित्र साधेच आहे, पण सलग आहे. मनात म्हटले, घ्या, कविता पाठ असणारा शेवटी कामी आला.

फक्त रंभा नव्हती.

ती अजूनही सहाला तिकडेच जाते. हे मला कळत नाही. तिथे टीव्ही चालत नाही, माणसे नाहीत, हसणे ऐकू येत नाही. मग आहे काय? अण्णा आहे. म्हातारपणी असले विचार लिहू नयेत, पण वही माझी आहे. लग्नाच्या वेळी वरातीत अण्णा गायला होता, तेव्हा हिने पदराआडून विचारले होते, हे कोण? मी सत्तेचाळीस वर्षांत ते विसरलेलो नाही.

२२ ऑगस्ट

काजल टोपलीभर दोडके देऊन गेली. "मामाजीनं पाठवले. तुमच्या वेलाचे, आमच्याकडचे."

त्यांच्या हद्दीतले फळ त्यांचे, पाठवायचे कारण नव्हते. मी आपल्या बाजूचा एक दोडका तोडून शेजारी ठेवला. त्यांचा चार बोटे लांब निघाला, शिरा सरळ, देठ हिरवागार. टिनांवर ऊन चांगले मिळते. बी माझे, आळे माझे, पाणी मी घातले, आणि फळ त्याच्याकडे मोठे.

रंभाने दाण्याचा कूट घालून भाजी केली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, तरी राग गेला नाही.

२५ ऑगस्ट

सचिन दुपारी दुकान बंद करून आला आणि सरळ कुंपणाशी गेला. बराच वेळ वर बघत होता.

"बाबा, सुतळी कोणाची आहे?"

"वाऱ्यासाठी बांधली."

"छत्रीच्या दांड्याले?"

"टिनाला घासत होती."

तो हसला नाही. लहानपणी तो खोटे बोलताना सापडला की मी जसा त्याच्याकडे बघायचो, तसा तो माझ्याकडे बघत होता. फक्त या वेळी पकडलेला मी होतो.

"माह्ये चार घरं वापस आले तं मले वाटलं, सर्व्हिस पाहून आले," तो म्हणाला. "काल काजल म्हणे, सचिनभाऊ, तुमची कंपनी पावसात बी चांगली चालते. मी म्हटलं, हो. आता तिच्यापुढं तोंड कसं दाखवू ते सांगा."

"धंद्यात असे चालते."

"धंदा माहा आहे, बाबा. मले पोरीसंग लढता येते. दोडका कोणी मांगितला होता?"

तो न जेवता गेला. मुलाचे भले चिंतावे तर हे असे.

२९ ऑगस्ट

लिहावे की नाही, याचा संध्याकाळपासून विचार करतो आहे.

आज सहाला रंभा निघाली. अंगणात माणसे जमायला अवकाश होता. मी वेलाखाली गेलो आणि पानांतून पडवीकडे बघितले. या वयात बायकोवर पाळत. पण बघितले.

अण्णा घरात नव्हताच, मागे वाफ्यांना पाणी सोडत होता. पडवीत मोठा टीव्ही काळा, बंद. रुख्माबाई खाटेवर, तोंड रस्त्याकडे. रंभाने तेलाची वाटी घेतली आणि तिचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळायला लागली. बोटे एकेक करून ओढायची, मुठीत धरायची, परत ओढायची. सवयीचा हात होता. चोळता चोळता मालिकेत काय झाले ते सांगत होती, ते तिने सकाळी दिपालीकडून ऐकले असणार. सासूची नक्कल केली. रुख्माबाई अर्ध्या तोंडाने हसली.

मग रुख्माबाईने काहीतरी विचारले. तिचे बोलणे आता जड आहे, शब्द जुळायला मला वेळ लागला.

"आज बी कोणी नाई आलं?"

रंभा म्हणाली, "पाणी येऊन राह्यलं ना बाई. उद्या येतीन."

पाणी येत नव्हते. दिवसभर ऊन होते.

रुख्माबाई रस्त्याकडेच बघत राहिली. एवढ्यात माझ्या अंगणातून बंडूजीची हाक आली, "पुंडलिकभाऊ, टीव्ही लावा ना." ती तिलाही ऐकू गेली. तिने मान आवाजाकडे वळवली, माझ्याकडे. पानाआड मी दिसलो नसेन.

आज जाहिरातींत मी आवाज बंद केला नाही. प्रेमदासने विचारले, "तब्बेत बरी आहे ना?"

३० ऑगस्ट

रात्री रंभाला म्हटले, "रुख्माबाईंना तू तेल लावतेस, हे मला सांगितले नाहीस."

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही वड्याचं इचारलं."

"आणि ती खाट अण्णाने पडवीत..."

"आतल्या खोलीत ती दोन महिने छताकडं पाहून राह्यली होती. कोणी गेलतं का? पाच मिनटं बसून येत होते सारे, मुक्या माणसाजवळ कायले बसन कोणी. टीव्ही आला तं येऊन बसले." तिने अंगावर चादर ओढली. "तुम्हाले काय वाटलं, अण्णाभाऊले घाम पाहाचा होता?"

तिला सुतळीचे माहीत आहे की नाही, हे मला अजून समजलेले नाही. विचारायची हिंमत नाही.

२ सप्टेंबर

तीन दिवस वेलाखाली जाऊन परत आलो. तणावे सोडवून बघितले. एक सोडवावा तर चार तुटतात, शिवाय कोवळी फळे बोटाएवढी लागलेली. सोडवून होणारे काम नाही.

आज संध्याकाळी विळा घेतला आणि पलीकडे गेलो. गोठ्याला शिडी लावली. तिसऱ्या पायरीवर शिडी हलली आणि मग हलायची थांबली. खाली अण्णा शिडी धरून उभा होता.

"काय करून राह्यला पुंडलिक?"

"कापतो."

"फुलावर आहे."

"मला दिसते आहे."

"मंग राहू दे. अजून महिनाभराचा खेळ आहे. दिवाळीपर्यंत आपोआप सुकते."

"रुख्माबाईंना महिनाभर माणसांची वाट बघत कशाला ठेवायचे?"

मी वरच होतो, खाली बघायचे टाळत होतो. म्हणालो, "अण्णा, ती सुतळी वाऱ्यासाठी नव्हती."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"बांधली त्या दिवसापासून. मी गोठ्यातच होतो, गाईचं दूध काढून राह्यलो होतो."

"मग बोलला का नाहीस? सुतळी तोडायची होती तेव्हाच."

"वाटलं, तुह्या हातानं बांधली तं तूच सोडशीन. तोपर्यंत फूल आलं." वर वेलाकडे बघून म्हणाला, "फुलानं काय केलं होतं?"

फुले उमलायची वेळ होती. पिवळी, एकेक उघडत होती. विळा फिरवला. ओला आवाज झाला. आयुष्यात पहिल्यांदा फुलावरचा वेल कापला, आणि माझे आजोबा असते तर हात धरला असता. अण्णाने धरला नाही, शिडी धरली. पाला खाली ओढताना त्याच्या टोपीवर पडला. त्याने तो झटकला, आणि त्यातून बोटाएवढे दोडके वेचून धोतराच्या सोग्यात घेतले. मला वाटले, एवढे असून याचे मन माझ्यापेक्षा मोठे कसे? हाही मत्सरच. उतरलो.

५ सप्टेंबर

काजलने मेकॅनिककडून छत्री परत जुळवून घेतली. लाल पुन्हा नऊ झाली. सचिन म्हणतो, दिवाळीला तो नव्या टीव्हीसोबत नवी ऑफर आणतो, मग बघतोच तिला. काजलने त्याला कुंपणावरूनच सांगितले, "आणा ना भाऊजी, आम्ही पाहाले येऊ." दोघे हसले.

अंगण आज रिकामे होते. खुर्च्या बाहेर काढल्याच नाहीत. सात वाजले, साडेसात वाजले. आवाज ऐकू येत होते, रामाजी, दिपाली, प्रेमदासचे खोकणे. टीव्ही लावला, बंद केला. चप्पल घातली.

पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्ची वगैरे कोणी ठेवलेली नव्हती. का ठेवावी? मालिका रंगात होती. कोणाला तरी ओलांडून मी आत शिरलो आणि खाटेच्या पायथ्याशी जरा जागा दिसली तिथे उभा राहिलो. पडद्यावर कोणा बाईच्या डोळ्यात पाणी आले होते. ते पापणीवर थांबले, मग घरंगळले. मी बघत होतो. इतके साफ दिसते की आपल्याच घरातले कोणी रडते आहे असे वाटते.

मागून जड आवाज आला. शब्द सावकाश, एकेक करून आले.

"भाऊजी. बाजूले सरका. दिसत नाई."

सगळे हसले, रंभा सर्वांत जास्त. मी सरकलो. रंभाने पडद्यावरची नजर न काढता बाजूची पोती-पटकुरे ओढून मला जागा केली. बसलो. तिच्या हाताला तेलाचा वास येत होता.